नाव कुठे लावावे, कुठे राखावे

नौपाडा, ठाणे

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

सोसायटीच्या पुनर्विकासातील हिशेबाविषयी आणि तुझ्या नैराश्यावरील उपचारांविषयी तू समाजमाध्यमांवर लिहू इच्छितोस आणि दोन्हीकडे खरे नाव लावावे का, असे विचारतोस. धाडस असेल तर नाव लाव, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. मला हा धाडसाचा प्रश्न वाटत नाही. आपण कोणाविषयी लिहितो आणि त्याची झळ कोणाला बसते, यावर तो ठरतो.

टोपणनावात कमीपणा नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असूनही 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने समाजाचे दोष परखडपणे मांडत होते, आणि ते नाव त्यांनी असे जपले की आज तेच आधी आठवते. ताराबाई शिंदे यांनी मात्र 1882 मध्ये पुरुषांना जाब विचारणारे पुस्तक स्वतःच्या नावाने छापले. मला दोघेही सारखेच प्रामाणिक वाटतात.

खऱ्या नावाची किंमत आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. तेथील एका तरुणीने मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर आपले मत लिहिले, दुसरीने त्याला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. पहिलीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याचीही तोडफोड झाली. त्यांच्यावर लावलेले, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते 24 मार्च 2015 रोजी, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाने. लिहिले एकीने आणि फुटला दवाखाना, हे विसरू नकोस. आडनाव आपल्या एकट्याचे नसते.

टोपणनाव घेतले म्हणजे आपण दिसेनासे होतो, असेही नाही. आज ऐरोलीतील रात्रपाळी, उद्या खिडकीतून दिसणाऱ्या खाडीचा फोटो, परवा बंद पडलेली लिफ्ट, एवढे लिहिलेस की शेजारी तुला ओळखतील. तपास यंत्रणेला तर मोबाइल क्रमांक आणि आयपी पत्ता पुरतो. सक्तीने खरी ओळख घेतल्याने माणसे सभ्य होतात, हेही खरे नाही. दक्षिण कोरियाने 2007 मध्ये तसा कायदा केला आणि तेथील घटनात्मक न्यायालयाने 2012 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला.

तेव्हा पुनर्विकासाच्या लेखाखाली स्वतःचे नाव लाव, कारण त्यात तू समितीच्या सदस्यांची नावे घेतो आहेस, आणि ज्याच्यावर आरोप होतो त्याला आरोप करणारा कोण हे कळायलाच हवे. नोकरीवर गदा येण्याची भीती असलेला कर्मचारी वरिष्ठांविरुद्ध लिहीत असता, तर मी वेगळे सांगितले असते. तुझी स्थिती तशी नाही. मात्र छापण्यापूर्वी तो लेख वडिलांना दाखव, कारण त्याच इमारतीत रोज त्यांची उठबस आहे. उपचारांविषयी टोपणनावानेच लिही, त्यासाठी वेगळा ई-मेल काढ, आणि मला पाठवलेल्या मसुद्यातील ऐरोलीचा व कंपनीच्या बसचा उल्लेख आधी काढून टाक.

तुझा शुभचिंतक