वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या क्लायंटना समुपदेशन करताना प्रत्येक संस्कृतीची माहिती असायलाच हवी का?

तुमचा समुपदेशनाचा कोर्स संपत आलाय, पुढे निरनिराळ्या भाषा-धर्म-देशांची माणसं समोर येणार, तर त्यांच्या चालीरीती आधीच वाचून ठेवाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. जरूर वाचा, पण त्या भरवशावर बसू नका.

'या लोकांत घरच्यांचा शब्द शेवटचा असतो' असं आपण कुठेतरी वाचलेलं असतं आणि समोर बसलेली मुलगी घरच्यांशी भांडून केव्हाच वेगळी राहायला लागलेली असते. मेलनी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरी-गार्सिया या अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. दुसऱ्याची संस्कृती एकदा शिकून हातावेगळी करता येत नाही, स्वतःला आयुष्यभर तपासत राहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. 'सांस्कृतिक विनम्रता' ती हीच. (कोर्समध्ये परीक्षेपुरती कानावरून गेली असेलच.)

मग करायचं काय? सरळ विचारायचं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी ग्रंथात (२०१३) यासाठी सोळा प्रश्नांची एक मुलाखतच दिलेली आहे. त्यातला मी हमखास वापरते तो प्रश्न असा : हा त्रास कशामुळे होतोय, असं तुमच्या घरच्यांना किंवा मित्रांना वाटतं? समजा, एक गृहस्थ छातीवर दडपण येतं म्हणून आलेत. तपासण्या सगळ्या नॉर्मल. 'तुम्हाला उदास वाटतं का?' म्हटलं की मान हलवून नाही म्हणतात. पण घरचे काय म्हणतात विचारल्यावर बोलू लागतात : आईच्या मते कुणाची तरी नजर लागली, भावाच्या मते कामाचा ताण, बायको काहीच बोलत नाही. इथे 'नजर वगैरे काही नसतं' म्हणायची घाई करू नका. आणि बायको गप्प का, तेही सावकाश विचारा.

दुभाषी लागला तर प्रशिक्षित माणूसच घ्या. घरातलं मूल भाषा जाणतं म्हणून त्याला मध्ये बसवणं मला अजिबात मान्य नाही. बाप मारतो हे आईने त्याच्या तोंडून सांगायचं का? सत्राआधी दुभाष्याशी गोपनीयतेबद्दल बोलून घ्या. सत्रात मात्र नजर आणि प्रश्न दोन्ही क्लायंटकडेच असू द्या.

आपलीही एक संस्कृती असते, ती आपल्याला दिसत नाही इतकंच. 'स्वतःचा निर्णय स्वतः घ्या' हा सल्ला आपल्याला निरोगीपणाचं लक्षण वाटतो. सगळ्यांना विचारून ठरवणाऱ्याला तो निव्वळ स्वार्थ वाटू शकतो. अशा वेळी 'या निर्णयात कोण कोण असायला हवं?' एवढं विचारलं तरी वाट मोकळी होते.

मात्र याचं दुसरं टोकही गाठू नका. 'त्यांच्यात चालतं' म्हणून मारहाणीकडे काणाडोळा करणं म्हणजे त्या समाजातल्या मार खाणाऱ्या माणसाचं म्हणणंच न ऐकणं. सुरक्षेचे आणि कायद्याचे नियम सगळ्यांना सारखेच.

त्या सोळांपैकी शेवटचा प्रश्न साधारण असा आहे : पार्श्वभूमी वेगळी असली की कधी कधी गैरसमज होतात, तुम्हाला तशी काही काळजी वाटते का? मी तो पहिल्याच भेटीत विचारते. बरेच जण तेव्हा 'नाही' म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीत पुन्हा विचारा.