पावडर टाकली, तरी नळाला क्लोरीन का नाही?

प्रश्न : आमच्या विहिरीत रोज ब्लीचिंग पावडर टाकतो, तरी नळाच्या पाण्यात क्लोरीन शून्य निघतो. मात्रा दुप्पट करावी का?

उत्तर : आधी पावडर बघा. ताज्या पावडरीत उपयोगी क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, ओल लागली, की तो उडून जातो. गुठळ्या झालेली, उग्र वास नसलेली पावडर म्हणजे जवळपास नुसता चुना.

मग हिशेब. गोल विहिरीच्या व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली (दोन्ही मीटरमध्ये) गुणिले ७८५, की लिटर मिळाले. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल, तर साधारण २८,००० लिटर. स्वच्छ पाण्यात हजार लिटरला अडीच ग्रॅम धरतात, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर कोरडी भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि १० मिनिटं ठेवा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडा आणि दोराने खालीवर हलवा. तळाचा चुना टाकून द्या, तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. त्यानंतर तासभर उपसा बंद.

एवढं करूनही शून्य आलं, तर क्लोरीन कोणीतरी खातंय. ते शोधायला डीपीडी गोळ्या (पाण्यातला क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या) उत्तम. पहिल्या क्रमांकाच्या गोळीने मोकळा, म्हणजे कशाशीही न जखडलेला, क्लोरीन गुलाबी रंग देतो. रंग आला नाही, तर त्याच नमुन्यात तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाका. आता गडद गुलाबी झालं, तर क्लोरीन आहे, पण अमोनियाशी जखडलेला. विहिरीत अमोनिया म्हटलं की पहिला संशय सांडपाण्यावर घ्यायचा. मात्रा वाढवून रंग येईलही, पण सांडपाण्याचा पाझर चालूच राहील. (एक फसगत लक्षात ठेवा : क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटून लगेच विरतो आणि वाचन शून्य येतं. नमुना शुद्ध पाण्याने पातळ करून पुन्हा तपासा.)

अर्ध्या तासानंतर मोकळा क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम हवा, शेवटच्या नळावर निदान ०.२. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून, गाळून घ्या. गाळाच्या कणांआड जंतू वाचतात.

प्रश्न : विहिरीपासून शोषखड्डा किती लांब हवा?

उत्तर : ३० मीटर हा नेहमीचा आकडा, तोही मातीच्या जमिनीत. भेगाळ खडकात पाणी न गाळता धावतं, तिथे त्या आकड्याच्या भरवशावर राहू नका. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजल पातळीच्या निदान दीड-दोन मीटर वर हवा. हे मोजायला लोक विसरतात, कारण उन्हाळ्यात खणताना खड्डा कोरडाच असतो. सेप्टिक टँकमधून शोषखड्ड्यात जाणारं पाणी निवळ दिसलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. गाळ टाकीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चढला की उपसा, नाहीतर तो वाहून जाऊन खड्ड्याची छिद्रं बुजवतो.

प्रश्न : पाणी दिवसाआड येतं. सुरुवातीला वास येतो, मग बरं येतं. प्यावं का?

उत्तर : सुरुवातीचं नको. पुरवठा थांबला की नळीतला दाब पडतो आणि गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. वास आणि गढूळपणा जाईपर्यंतचं पाणी धुण्याला घ्या. पुढचंही खळखळून उकळा किंवा क्लोरीन घालूनच प्या, कारण नितळ दिसणं हा पुरावा नव्हे.

प्रश्न : उकळलं की सगळं जातं ना?

उत्तर : जंतू जातात. नायट्रेट (सांडपाण्यातून येणारा, पाण्यात विरघळलेला क्षार) जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. शोषखड्ड्याजवळच्या विहिरीत ते हमखास तपासून घ्या. लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर त्या पाण्यात तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कालवू नका.