ग्राफिक्स कार्डला वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारा, पाण्याने थंड करणारा धातूचा ठोकळा) लावूनही हॉटस्पॉट ९५ अंशांवर का जातो?

कोअर (चिपचं सर्वसाधारण तापमान) ६२, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) ९५ आणि लूपमधलं, म्हणजे नळ्यांतून फिरणारं, पाणी ३५ अंश, हे तुम्ही प्रश्नात दिलेले आकडे. पाणी इतकं थंड आहे म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर आपलं काम करतोय. पंप ढेपाळला असता तर कोअर आणि हॉटस्पॉट साधारण बरोबरच चढले असते. दोघांत ३३ अंशांचं अंतर म्हणजे ब्लॉक चिपवर सगळीकडे सारखा टेकलेला नाही.

माझा पहिला संशय थर्मल पॅडवर, म्हणजे मेमरी चिपची उष्णता ब्लॉकपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्ट्यांवर. मेमरीवर १ मिमीच्या जागी १.५ मिमीचा पॅड लागला, की ब्लॉक पॅडवरच अडून राहतो. मूळ कूलरच्या पॅडची जाडी इथे गृहीत धरू नका, ब्लॉकच्या मॅन्युअलमधलीच घ्या.

खात्री करायची तर लूप रिकामा करून ब्लॉक काढा आणि चिप व ब्लॉक यांच्यामधल्या थर्मल पेस्टचा ठसा बघा. चिपवर सगळीकडे पातळ थर हवा. एका कोपऱ्यात जाड थर दिसला तर ब्लॉक तिरका बसलाय. मग पॅड न लावता नुसत्या पेस्टवर ब्लॉक बसवून पुन्हा काढा (या अवस्थेत कार्ड अजिबात चालू करू नका!). आता ठसा चांगला आला, तर दोष पॅडचाच.

योग्य जाडीचे पॅड लावून परत बसवताना चिपभोवतीचे चार स्क्रू आधी, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. पेस्ट चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवा. कोअर आणि हॉटस्पॉटमधलं अंतर १०-१५ अंशांवर आलं तर बिनधास्त वापरा.