अपात्र आणि नालायक यात गल्लत करू नको भो

तू चोपड्याला अर्ज भरायच्या कामाला नवीन लागलाय म्हणून सांगतो, नकाराचं पत्र वाचून दाखवताना शब्द जपून वापर. अपात्र म्हणजे त्या योजनेच्या अटीत न बसणारा, बस एवढंच. पात्र म्हणजे मूळ भांडं, ज्यात काही मावतं ते, म्हणून आपल्याकडे सत्पात्री दान म्हणतात. तर अपात्र हे त्या एका कामापुरतंच असतं, अट पुरी झाली की तोच माणूस पात्र होतो.

नालायक मात्र तोंडातून काढूच नको. लायक हा अरबी, त्याला फारसी ना लागला, तसा अर्थ जवळजवळ तोच, पण मराठीत ती शिवी झालीये. माझ्यासमोर एका केळीवाल्या शेतकरी काकांना कुणीतरी "तुम्ही लायक नाही" असं म्हटलं, काका काहीच न बोलता उठून गेले, आणि खरं तर फक्त सातबाऱ्यावरचं नाव जुळत नव्हतं हो! मला अजून वाईट वाटतं त्याचं.

सरकारी कागदात अजून एक दिसेल, अनर्हता. जाहिरातीत शैक्षणिक अर्हता लिहितात ना, त्याचंच उलटं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला 2 पेक्षा जास्त अपत्यं नसावीत अशी अट आहे, तिथे हा शब्द येतो, त्याला अनर्थ वाचू नको.

आणि नुसतं "अपात्र आहे" म्हणून थांबू नको, कोणत्या अटीमुळे ते पण सांग, नाहीतर माणूस घरी जाऊन स्वतःलाच दोष देत बसतो.