विंडोज १० ठेवावे की सोडावे?
संगणक व्यवस्थित चालत असताना विंडोज १० का सोडावे, ही आपली शंका रास्त आहे. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नियमित सपोर्ट संपल्यामुळे, वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली नसल्यास, नव्याने सापडणाऱ्या त्रुटी आपल्या संगणकावर तशाच राहतील. अर्थात ती नोंदणीही केवळ मुदतवाढ आहे.

विंडोज ११ चालणार नाही असा संदेश आला, म्हणून लगेच नवा संगणक घेऊ नये. इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर असूनही, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम ही सुरक्षेची सोय बंद असल्यामुळे तो संदेश येऊ शकतो. इंटेलच्या मदरबोर्डवर ही सोय ‘पीटीटी’, तर एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारे बिटलॉकर सुरू असल्यास, ही सोय चालू करण्याआधी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी.) प्रोसेसरच जुना असेल, तर अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या मी सुचवणार नाही, त्यापेक्षा लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे, म्हणजे हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय आणि प्रिंटर चालतात का, ते कळेल.

डोंगलवर (संगणकाला जोडायच्या परवाना-किल्लीवर) चालणाऱ्या जुन्या डीटीपी (छपाईची पाने जुळवण्याच्या) सॉफ्टवेअरसाठी राखलेला संगणक मात्र आहे तसाच राहू द्यावा, फक्त त्याचे इंटरनेट कायमचे बंद करावे.