पिल्लू नको, मोठा कुत्रा घ्या

पावसाळा तोंडावर आला की या सदराला येणाऱ्या पत्रांत माणसांपेक्षा कुत्र्या-मांजरांचेच प्रश्न जास्त असतात, म्हणून या अंकात बाकी सगळं बाजूला ठेवून तेच घेतलेत. लांबलचक पत्रं थोडी कापलीत, राग मात्र तसाच ठेवलाय.

प्रश्न: ताई, आम्ही पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो, दोघंही पणजीला नोकरीला, मुलगी आठवीत. तिला कुत्रा हवाय. मला लॅब्रॅडॉरचं पिल्लू आवडतं पण मिस्टर म्हणतात पैसे देऊन कशाला, शेल्टरमधून आणूया. सासूबाई कुत्र्याला घाबरतात. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात की यापुढे कोणी कुत्रा आणायचा नाही असा ठराव झालाय. – एक वाचक, पर्वरी

उत्तर: मिस्टरांचं बरोबर आहे पण अर्धंच. शेल्टरमधून आणा, आणि पिल्लू आणू नका. तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडणार ते संध्याकाळी येणार, मुलगी शाळा आणि ट्यूशन, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू दिवसभर सांभाळणार कोण, तर ज्या घाबरतात त्या सासूबाई! पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं, तासा-दोन तासांनी शू, दात येतात तेव्हा चप्पल, सोफा, चार्जरची वायर काही म्हणजे काही सोडत नाही, आणि लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत त्याला खाली रस्त्यावर फिरवायचंही नसतं कारण पार्वो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतो. फोटोत गोड दिसतं सगळं. तेच पिल्लू आठ महिन्यांचं होऊन दांडगाई करायला लागलं की लोकांना अचानक 'अॅलर्जी' होते आणि ते शेल्टरच्या गेटवर परत येतं.

त्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा गावठी कुत्रा बघा, नसबंदी आणि लसी झालेला. त्याचा स्वभाव बनून गेलेला असतो, आणि शेल्टरमध्ये काम करणारी मुलं त्याला रोज बघत असतात, त्यांना सरळ विचारा की हा भुंकतो किती, म्हाताऱ्या माणसांजवळ कसा वागतो, एकटा ठेवला तर रडतो का. सासूबाईंना घेऊन जा. त्यांना आवडला तोच घ्या, मुलीचं नंतर. उत्तरेत आसगावला इंटरनॅशनल अॅनिमल रेस्क्यू आहे, दक्षिणेत कुडचडेला गोवा अॅनिमल वेल्फेअर ट्रस्ट, आणखीही आहेत, आधी फोन करून वेळ घ्या आणि एकाच भेटीत कुत्रा गाडीत घालून आणायचा हट्ट करू नका. ते फॉर्म भरून घेतील, ओळखपत्र मागतील, कदाचित घर बघायला येतील, कुत्रा दिवसभर कुठे असणार वगैरे चौकशी करतील. काही लोकांना याचा राग येतो, मला तर जे शेल्टर काहीच विचारत नाही त्याचीच जास्त काळजी वाटते.

लॅब्रॅडॉरचं म्हणाल तर स्वभाव सोन्यासारखा यात वाद नाही, पण अंगावर केसांचे दोन थर, आणि आपली हवा ही अशी दमट, जून ते सप्टेंबर कातडीला खाज, फंगस, कानात इन्फेक्शन, गोचिड्या, व्हेटच्या फेऱ्या मारून जीव जातो. गावठीचे केस आखूड, पुसला की वाळला.

घरी आणल्यावर तीनचा हिशोब लक्षात ठेवा. पहिले तीन दिवस तो पलंगाखाली बसेल, जेवणार नाही, शेपूट पायात. बसू दे. साधारण तीन आठवड्यांत घराची वेळ कळते, आणि तीन महिने गेले की मग तो खरा कसा आहे ते दिसतं. शेजारीपाजारी, भाचे-पुतणे सगळ्यांना पहिल्याच रविवारी बघायला बोलावू नका. पहिल्या आठवड्यातच सगळ्यात जास्त कुत्रे पळतात, दार उघडं राहिलं की सटकले, म्हणून गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा आणि फिरवताना गळ्यापेक्षा अंगाला बसणारा हार्नेस घाला. दोघंही सुट्टी घेऊन सतत त्याच्याजवळ बसलात आणि मग सोमवारी एकदम दिवसभर गायब झालात तर तो दार ओरबाडणारच, त्यामुळे सुट्टीतच पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, अर्धा तास असं एकटं ठेवायची सवय करा. आणि चवथीचे फटाके, नरकासुराची रात्र, थर्टीफर्स्ट हे तीन दिवस आधीच कॅलेंडरवर मार्क करून ठेवा. त्या दिवशी संध्याकाळी लवकर फिरवून आणायचं आणि आतल्या खोलीत पंखा-टीव्ही लावून ठेवायचं.

सोसायटीच्या ठरावाला घाबरू नका. अॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्टही बंद करता येत नाही. ते पत्रक प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या, भांडायला जाऊ नका. पण मग तुमच्या बाजूने खाली नेताना कुत्रा कायम साखळीला, लसीचं सर्टिफिकेट फाईलला, आणि खाली केलेली घाण तुम्हीच उचलायची. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, मग ठराव होतात.

प्रश्न: आमच्या घरामागे काजूच्या झाडाखाली कुत्रीने पाच पिल्लं घातलीत. जवळच्या एका शेल्टरला फोन केला तर म्हणे जागा नाही. मग ही शेल्टरं कशासाठी उघडलीत? देणग्या मागताना बरे दिसतात. – निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर: सर, राग समजतो, पण शेल्टरने नाही म्हटलं ते या पाच पिल्लांच्या दृष्टीने चांगलं झालं. लस न झालेली पिल्लं आजारी कुत्र्यांच्या शेजारी नेऊन ठेवली तर पार्वो किंवा डिस्टेंपर लागायला वेळ लागत नाही, आणि पार्वोत पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. शेल्टर म्हणजे गाडीखाली आलेले, जखमेत किडे पडलेले, पंगू झालेले यांच्यासाठीची जागा. धडधाकट आई आणि दूध पिणारी पिल्लं यांना तिथे काम नाही, त्यांचं शेल्टर तुमच्या काजूखालीच आहे.

तुम्ही असं करा. आई आहे ना, मग पिल्लांना हलवू नका, दोन महिने ती आईजवळच राहू दे. पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर पत्रा किंवा प्लास्टिक बांधा आणि खाली एखादं जुनं पोतं टाका. आईला दोन वेळा भात आणि त्यात थोडं अंडं, हाडं काढलेलं चिकन, मासळीचं काटे काढलेलं मांस असं घाला, तिला मिळालं की पिल्लांना मिळालं. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांची झाली की सुरू होतं, डोस वजनावर असतो तेव्हा व्हेटला विचारूनच. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग बूस्टर, रेबीजची लस तीन महिन्यांना. तोवर घरं शोधा. तुमचे जुने विद्यार्थी फोंड्याभर पसरलेले असतील, दोन पिल्लं तरी त्यांच्यात खपतील.

आता मुख्य गोष्ट. पिल्लांचं दूध सुटलं की आईची नसबंदी. कुत्री साधारण दोन महिने गाभण असते आणि वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते, म्हणजे यंदा पाच पिल्लांना घरं शोधलीत आणि आईला तशीच सोडलीत तर दिवाळीनंतर परत मला हेच पत्र येईल. या कामाला शेल्टरला फोन करा, तेव्हा 'जागा नाही' सहसा ऐकावं लागत नाही. ऑपरेशन करून कानाला खाच पाडून तिला परत तुमच्याच वाड्यावर सोडतील, 2023 च्या एबीसी (अॅनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे कुत्र्यांच्या नसबंदीच्या) नियमांप्रमाणे जिथून उचलली तिथेच सोडायची असते. शेजारी म्हणतील लांब कुठेतरी सोडा, ऐकू नका. तिची जागा रिकामी झाली की चार दिवसांत दुसरी येते, ती नसबंदी न झालेली.

प्रश्न: ताई, कॉलेजच्या पार्किंगमध्ये मांजराचं एकदम छोटं पिल्लू मिळालं, डोळे पण नीट उघडले नाहीत. मी ड्रॉपरने गाईचं दूध देतोय पण जुलाब होतायत. – विद्यार्थी, म्हापसा

उत्तर: गाईचं दूध आजच बंद कर. व्हेटकडे किंवा पेट शॉपमध्ये मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मिळते ती आण. पाजण्याआधी पिल्लू गरम हवं, थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, तेव्हा गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेव. पाजताना बाळासारखं उताणं धरू नको, पोटावर ठेवून पाज, नाहीतर दूध फुफ्फुसात जातं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा (झोप विसर!), आणि प्रत्येक वेळी पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मागची बाजू हलकेच पुसायची, या वयात त्याला स्वतःहून शू-शी होत नाही. जुलाब उद्यापर्यंत थांबले नाहीत तर व्हेट. आणि पुढच्या वेळी असं पिल्लू दिसलं तर आधी दोन-तीन तास लांबून बघ, आई बऱ्याचदा खायला शोधायला गेलेली असते.

प्रश्न: आमचा मोरजीला शॅक आहे. सीझनमध्ये टुरिस्ट कुत्र्यांना एवढं घालतात की विचारू नका, आणि मेअखेर शॅक मोडला की हेच कुत्रे हाडं दिसेपर्यंत वाळतात. आम्ही किती जणांना पुरे पडणार? गावातले लोक वर आम्हालाच बोलतात की तुम्ही लाडावून ठेवलेत. – एक वाचक, मोरजी

उत्तर: गावातले अगदीच चुकीचं बोलत नाहीत. ऑक्टोबर ते मे किनाऱ्यावर खाणं इतकं असतं की तिथली संख्या त्या खाण्यावर वाढते आणि जूनमध्ये खाणारे तेवढेच राहतात, ताट उचललेलं असतं. म्हणून काम जूनमध्ये नाही, सीझनमध्ये करायचं. तुमच्या आणि शेजारच्या शॅकच्या मिळून जेवढ्या माद्या आहेत त्यांची नसबंदी मेच्या आधी उरका. टुरिस्टांना बिस्किटं घालू देऊ नका. ज्या गोऱ्या बाईला फारच कळवळा येतो तिला म्हणावं, एका कुत्रीच्या ऑपरेशनचा खर्च दे. देतात, विचारायला लाजू नका.

पावसात सगळ्यांना नाही पुरे पडणार, हे मान्य करा. जे तुमच्या शॅकचेच झालेत त्यांचं ठरवा आणि ते तरी नीट करा. रोज एकच वेळ, एकच जागा, कोणाच्या गेटसमोर किंवा मुलं शाळेला जातात त्या वाटेवर नाही, खाऊन झालं की पत्रावळ उचलायची. उरलेला भात, पोदेराकडचे शिळे पाव, मासळीची डोकी नीट शिजवून, चालतं. कोंबडीची शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे तुकडे टोकदार होऊन आतड्यात रुततात. सुप्रीम कोर्टाच्या ऑगस्ट 2025 च्या आदेशानंतर कुठेही रस्त्यावर खायला घालता येत नाही, ठरवून दिलेल्या जागीच घालायचं असं झालंय, तेव्हा पंचायतीकडे लेखी अर्ज देऊन किनाऱ्याकडची एक जागा मागून घ्या. सही-शिक्क्याचा कागद हातात असला की बोलणाऱ्यांची तोंडं जरा बंद होतात. नोव्हेंबर 2025 मध्ये कोर्टाने शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशनांतले कुत्रे हलवायला सांगितलंय, त्यामुळे शाळेजवळ तर मुळीच नको.

प्रश्न: कानाला खाच असलेला कुत्रा चावला. गोव्यात आता रेबीज नाही म्हणतात, मग इंजेक्शनं कशाला? – एक वाचक, वास्को

उत्तर: घ्यायचीच. 2021 मध्ये सरकारने गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं हे खरं, आणि ते उगाच नाही झालं, मिशन रेबीज या संस्थेची पोरं जाळी घेऊन वाड्यावाड्यांत फिरून वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस देत होती. पण नियंत्रित म्हणजे संपला असं नव्हे, आणि कुत्र्यांना सिंधुदुर्ग-कारवारची हद्द कळत नाही. कानाची खाच एवढंच सांगते की कधीतरी ऑपरेशन झालं, तेव्हा एक लसही टोचली असेल. ती दोन वर्षांपूर्वी की सहा, ते कानावर लिहिलेलं नसतं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लगेच हेल्थ सेंटरला. दंडात घ्यायची असतील तर डोस 0, 3, 7, 14 आणि 28 या दिवशी असतात, रक्त आलेलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण कुत्रा ठणठणीत दिसतोय म्हणून पुढचे डोस स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना ठरवू दे.

प्रश्न: बाजूच्या बंगल्यात भाड्याने दिल्लीचं एक जोडपं राहत होतं. गेल्या महिन्यात सामान घेऊन गेले आणि त्यांचा म्हातारा लॅब्रॅडॉर व्हरांड्यात सोडून गेले. फोन उचलत नाहीत. आम्ही त्याला जेवण देतोय, तो गेटकडे बघत बसतो. आम्ही ठेवू शकतो का, की उद्या येऊन मागतील? – एक वाचक, शिवोली

उत्तर: हे असलं आता फार वाढलंय. लोक गोव्यात राहायला येतात, 'स्लो लाइफ' म्हणून कुत्रा घेतात आणि लीज संपली की कुत्रा राहतो. प्राण्याला उपाशी मरायला सोडून जाणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये, त्यात हल्ली दोन चहा येतात. तरी पोलीस स्टेशनला लेखी कळवा. दंडासाठी नाही, उद्या ते आले तर कुत्रा तुम्ही पळवला नाही याचा तुमच्याकडे कागद हवा म्हणून.

त्यांना व्हॉट्सअॅपवर मेसेज टाका, सरळ भाषेत, शिव्या न घालता: कुत्रा अमुक तारखेपासून आमच्याकडे आहे, ठेवायचा नसेल तर तसं लिहून द्या. बरेच जण फोन घेत नाहीत पण 'ओके, प्लीज कीप हिम' एवढं टाइप करतात, सुटकाच असते त्यांना, तोच स्क्रीनशॉट जपून ठेवा. घरमालकाकडूनही दोन ओळी घ्या. व्हेटकडे गेलात की आधी मायक्रोचिप आहे का ते स्कॅन करायला सांगा, मग रक्त तपासा, गोचिडीच्या तापाने म्हातारे कुत्रे आतून पोखरलेले असतात आणि वरून फक्त सुस्त दिसतात. कंबर आणि सांधेही बघून घ्या, लॅबला तो त्रास असतोच, गुळगुळीत फरशीवर जुनी गोणपाटं टाका म्हणजे उठताना पाय घसरणार नाहीत. सध्या गेटजवळ बसतो तर बसू दे, ओढून आत आणू नका, त्याच्या जेवणाची जागा मात्र रोज थोडी थोडी तुमच्या दाराकडे सरकवा. आणि दया आली म्हणून एकदम मटणभात भरभरून घालू नका, पहिले आठ दिवस साधा भात आणि उकडलेलं चिकन, तेही दोनदा विभागून.