आधी कूळ, मग नाव : थाई मंडईतील ओळख

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त बँकॉकला असतो. मागील खेपेस त्याच्याकडे महिनाभर राहिलो, तेव्हा तेथील मंडईत आणि मासळीबाजारात फिरणे हा माझा विरंगुळा झाला. परंतु निम्म्याहून अधिक जिन्नस ओळखता आले नाहीत. विक्रेत्यांनी सांगितलेली नावे रोमन लिपीत वहीत उतरवून आणली, तर तीच नावे इतरत्र वेगळ्याच स्पेलिंगने दिसतात. दिवाळीनंतर पुन्हा जाणे आहे. ही नावे ओळखण्याची काही रीत आहे का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपण वही रोमन लिपीत भरलीत, तेथेच निम्मा घोटाळा झाला. थाई भाषेत क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे उच्चार आपल्यासारखेच निरनिराळे आहेत, आणि रोमन लिपीत ते नीट वेगळे राहत नाहीत. म्हणूनच कोळंबीचे 'कुंग' हे नाव कोणी 'के'ने लिहितो, तर कोणी 'जी'ने. देवनागरीत लिहिल्यास ही अडचण बरीचशी सुटते, मात्र 'फ' हा 'फोन'मधला नव्हे, 'फणस'मधला समजावा. सुटत नाही ती सुरांची अडचण. थाई भाषेत पाच सूर आहेत, आणि 'खा' हा शब्द खालच्या सुरात म्हटला तर आल्याच्या कुळातील कुलिंजन होतो, चढत्या सुरात म्हटला तर पाय. म्हणून आपल्या नोंदीशेजारी दुकानातील थाई पाटीचे छायाचित्र अवश्य ठेवावे.

आता रीत. थाई नावात बहुधा कूळ आधी येते आणि विशेषण मागाहून. 'प्ला' म्हणजे मासा, 'कुंग' म्हणजे कोळंबी, 'पू' म्हणजे खेकडा, 'फक' म्हणजे भाजी, 'हेत' म्हणजे अळंबी, 'बाय' म्हणजे पान, 'दोक' म्हणजे फूल. शिंपल्यातील जिवांना 'हॉय' म्हणतात, तेव्हा मासळीवालीने काही विचारल्यावर सवयीने 'होय' म्हणण्यापूर्वी आपण थोडे सावध असावे! घाईच्या बोलण्यात 'प्ला'मधील ल गळून नुसते 'पा' ऐकू येते, हेही ध्यानात असू द्यावे.

मासळीत हे कूळ-नाव फार उपयोगी पडते. पापलेटाच्या थाई नावाचे कूळ 'चरामेत' आहे. त्याला 'खाव', म्हणजे पांढरा, हे विशेषण लागले की आपले पापलेट, आणि 'दाम', म्हणजे काळा, लागले की आपला हलवा. सुरमईच्या जातीला 'प्ला इन्सी' म्हणतात. परंतु 'प्ला कफोंग' या नावापाशी थांबू नये, कारण 'कफोंग खाव' म्हणजे रायगडकरांचा लाडका जिताडा आणि 'कफोंग देंग' म्हणजे तांबोशीच्या जातीचा तांबडा मासा; आडनाव एक, घराणी दोन. 'प्ला मुक' हा तर मासाच नव्हे. 'मुक' म्हणजे शाई, आणि हे नाव माकुळाचे आहे. बांबूच्या गोल टोपलीत माना मुरगाळून बसवलेले, वाफवलेले लहान मासे आपण नक्की पाहिले असतील. ते 'प्ला थू', आपल्या बांगड्याचे जवळचे भाऊबंद.

गोड्या पाण्यातील मासे नाशिककरांना लवकर ओळखू येतील. 'प्ला छोन' हा मरळीच्या जातीचा, 'प्ला दुक' हा मागुराच्या, आणि 'प्ला निन' म्हणजे आपल्याकडे धरणांच्या काठी मिळणारी चिलापी. या शेवटच्या माशाची कथा सांगण्याजोगी आहे. जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांनी 1965 साली थायलंडचे राजे भूमिबोल यांना 50 चिलाप्या भेट दिल्या, त्या राजवाड्याच्या आवारातील तळ्यांत वाढवल्या गेल्या आणि पुढे देशभर पसरल्या. हे नाव लिहिताना 'निल' असे लिहितात, पण थाई उच्चारात शेवटचा ल हा न होतो.

भाजीपाल्यात ओळखीचे चेहरे अधिक आहेत. 'दोक खे' म्हणजे हादग्याची फुले, 'मरुम' म्हणजे शेवगा, 'मरा' म्हणजे कारले, 'फक बुंग' म्हणजे नाळीची भाजी, 'तख्राय' म्हणजे गवती चहा. 'कफ्राव' ही आपली तुळसच. ती तेथे मिरची-लसणीबरोबर खिम्यात परततात, हे पाहून आपल्याकडील पुष्कळांना क्षणभर चुकल्यासारखे होते. पुष्कळ फळांच्या नावांची सुरुवात 'म'ने होते: 'ममुआंग' आंबा, 'मनाव' लिंबू, 'मखाम' चिंच, 'मतूम' बेलफळ. द्राक्षांना 'अंगुन' म्हणतात, ते आपल्या गावाला सांगायला नको.

फसगत होते ती उसन्या नावांत. 'फ्रिक' म्हणजे मिरची, पण 'फ्रिक थाय' म्हणजे मिरे. 'मखुआ' म्हणजे वांगे, पण 'मखुआ थेत', अर्थात परदेशी वांगे, म्हणजे टोमॅटो. 'फक छी' ही कोथिंबीर खरी, पण तिला 'लाव' जोडले की ती शेपू होते. 'फरांग' (येथे मात्र 'फ' हा 'फोन'मधला) हा शब्द पेरूचाही आहे आणि गोऱ्या परदेशी माणसाचाही, आणि 'मन फरांग' म्हणजे बटाटा.

दर विचारताना आणखी एक शब्द लागेल. महाग जिनसांच्या पाटीवर पुष्कळदा किलोचा नव्हे, तर 'खीत'चा भाव असतो. एक खीत म्हणजे 100 ग्रॅम. स्वस्त वाटून दोन किलो मागण्यापूर्वी पाटी पुन्हा वाचावी.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. थाई मंडईतील तयार वाटणांत व पदार्थांत मासळी आहे किंवा नाही, हे कोणत्या शब्दांवरून ओळखावे?
— एक वाचक भगिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : चार नावे पाठ करावीत. 'कपि' हा कोळंबीचा आंबवलेला गोळा, 'नाम प्ला' हे माशांचे खारे पाणी, 'प्ला रा' हा आंबवलेला मासा, आणि 'कुंग हेंग' म्हणजे सुकी कोळंबी. यांपैकी कपि बहुतेक रस्स्यांच्या वाटणात असतो आणि वाटल्यावर डोळ्यांना दिसत नाही. कच्च्या पपईची 'सोम तम' ही कोशिंबीर दिसायला निर्दोष, परंतु तिच्यात नाम प्ला आणि बहुधा सुकी कोळंबीही असते.

शाकाहारासाठी 'मांगसविरत' हा शब्द आहे, आणि तो संस्कृत 'मांसविरति'वरून आलेला असल्याने आपल्याला लक्षात ठेवणे सोपे. तथापि त्यात अंडे चालते. 'चे' हा शब्द अधिक कडक असून त्यात मांस, मासळी, अंडे, दूध यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असते. अशा दुकानावर पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षर असते. शंका आली तर 'साय नाम प्ला माय?', म्हणजे 'नाम प्ला घातले आहे का?', असे विचारावे. उत्तर 'साय' आले, तर पुढच्या गाडीकडे वळावे.